उंबरठ्याबाहेर जाणारी माहिती : प्रस्तावना

घरातील वाय-फायला जोडलेले प्रत्येक उपकरण दिवसभर कोणाशी तरी बोलत असते. गीझरला लावलेला साधा स्मार्ट प्लग घ्यावा. वीज मिळताच तो प्रथम राउटरकडे पत्ता मागतो. पत्ता मिळाला की एका सर्व्हरच्या नावाची विचारणा करतो, आपले घड्याळ लावून घेतो आणि काही सेकंदांतच निर्मात्याच्या, किंवा निर्मात्याने भाड्याने घेतलेल्या, क्लाउडशी कूटबद्ध जोडणी बांधतो. त्यानंतर काहीही घडत नसले तरी ठरावीक अंतराने तो ‘मी आहे’ एवढेच सांगणारे चिमुकले पॅकेट पाठवत राहतो. सकाळी सव्वासहाला कोणी फोनवरून गीझर चालू केला की या संथ ठोक्यांच्या मध्ये काहीशे बाइटची एक उसळी दिसते. पावणेसातला बंद केला की दुसरी. पॅकेटच्या आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. पण पंधरा दिवस या उसळ्यांच्या वेळा लिहून ठेवल्या, तर घरातील माणसे केव्हा उठतात, रविवारी आंघोळीला किती उशीर होतो आणि गणपतीला गावी गेल्यावर घर नेमके कोणत्या तारखांना बंद होते, हे सारे त्यातून कळते. हे बोलणे कसे ऐकावे आणि त्यातून काय निष्कर्ष काढावा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

कोण, कोणाशी, केव्हा आणि किती या चार प्रश्नांची उत्तरे मजकूर न उघडता मिळू शकतात. घरगुती नेटवर्कवरील देखरेखीचा बहुतेक सारा व्यवहार या चार प्रश्नांवरच चालतो. ही उत्तरे आजही काही जणांना उपलब्ध असतातच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतून प्रत्येक पॅकेट जाते. सर्व्हरच्या नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेपाशी विचारलेल्या नावांची यादी तयार होऊ शकते. उपकरणाच्या क्लाउडकडे तर आतला मजकूरही असतो. ज्या घराच्या भिंतीवर तो प्लग आहे आणि ज्यांच्या वीजबिलावर तो चालतो, त्या कुटुंबापाशी मात्र कसलीच नोंद नसते. ही विषमता अन्याय्य आहे, आणि साध्या अवजारांनी व थोड्या चिकाटीने ती बरीचशी दूर करता येते, ही या पुस्तकाची भूमिका आहे.

मजकूर न वाचता वाहतुकीवरून अर्थ काढण्याची कला आजच्या संगणकांहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे गॉर्डन वेल्चमन यांनी जर्मन रेडिओ-संदेशांच्या बाह्य खुणा तपासायला घेतल्या. कोणते केंद्र कोणत्या केंद्राला हाक मारते, कोणत्या वेळी, संदेश किती लांबीचा, एवढ्यावरून शत्रूच्या फौजेची रचना कागदावर उतरू लागली. संगणकांच्या जाळ्यात ही दृष्टी दुसऱ्याच गरजेतून आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील जोडणी कोलमडली. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर सुमारे ४०० यार्ड, पण सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग घसरून ४० बिटांवर आला. तारेवर नेमके काय चालले आहे हे पाहिल्याशिवाय असल्या दुखण्याचे निदान होत नाही. या कोंडीचा अभ्यास करणारे व्हॅन जेकबसन यांनी क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅक्कॅन यांच्यासह १९८८ मध्ये टीसीपीडंप हा प्रोग्रॅम लिहिला. जाळ्यावरून जाणारी पॅकेटे पकडून त्यांची ओळीओळीने नोंद दाखवणारे हे अवजार आजही वापरले जाते. १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी तेच काम पडद्यावर, रंगांत आणि माउसने करता येईल असा इथरियल हा प्रोग्रॅम खुला केला. २००६ पासून तो वायरशार्क या नावाने ओळखला जातो. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला ब्रो, म्हणजेच २०१८ नंतरचा झीक, सुट्या पॅकेटांऐवजी संपूर्ण संभाषणांची खतावणी लिहितो. ही सारी अवजारे कार्यालये आणि विद्यापीठांची जाळी सांभाळणाऱ्यांसाठी होती. त्या काळी घरातले नेटवर्क म्हणजे एक संगणक आणि एक मोडेम. तिथे काय पाहायचे, असा प्रश्नही कोणाला पडत नसे.

तो प्रश्न ठळकपणे पडला तो २०१३ मध्ये, इंग्लंडमधील हल शहरात. तिथल्या एका माहिती-तंत्रज्ञान सल्लागाराला आपल्या नव्या एलजी स्मार्ट टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर जाहिराती दिसू लागल्या. टीव्हीतून काय जाते ते त्याने पकडून पाहिले. वाहिनी बदलली की वाहिनीचे नाव आणि टीव्हीचा ओळख-क्रमांक उघड्या मजकुरात बाहेर जात होता. ‘पाहण्याची माहिती गोळा करणे’ हा पर्याय सेटिंगमध्ये बंद केल्यावरही तो जातच राहिला. पुढचे निरीक्षण अधिक गंभीर होते. यूएसबी पेनड्राइव्ह लावल्यावर त्यातील फाइलींची नावेही बाहेर पाठवली जात होती. खात्री करण्यासाठी त्याने मुद्दाम वेगळ्याच नावाची एक फाइल तयार करून पेनड्राइव्हवर टाकली. थोड्या वेळाने तेच नाव पकडलेल्या पॅकेटांत अक्षर न् अक्षर उमटले. ज्या पत्त्यावर ही नावे जात होती तिथून ‘असे पान नाही’ असे उत्तर येत होते, म्हणजे माहिती घेणारे तिथे अजून कोणी नव्हते, तरी पाठवणारा पाठवतच होता. बातमी पसरल्यावर कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याचे आश्वासन द्यावे लागले. या प्रसंगाचे महत्त्व असे की पर्याय बंद असल्याचे पडदा सांगत होता आणि तार दुसरेच सांगत होती. सेटिंगचे पान हा निर्मात्याचा दावा असतो, पॅकेट हा पुरावा असतो. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिझिओ या टीव्ही कंपनीशी २२ लाख डॉलरची तडजोड केली. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर काय पाहिले जाते याची क्षणाक्षणाची माहिती प्रेक्षकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याचे ते प्रकरण होते.

मधल्या काळात धोक्याची दुसरी बाजूही पुढे आली. २०१६ च्या उत्तरार्धात मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने जगभरातील घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ सुमारे ६० ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले उपकरण सापडले की काम झाले. ऐन भरात त्याच्या कह्यात सुमारे ६ लाख उपकरणे होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांतील काही उपकरणांनी डिन या डीएनएस कंपनीवर एकदम मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. ज्यांच्या घरातील कॅमेऱ्यांनी हे केले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा चित्र दाखवण्याचे काम नीट करत होता. त्या घरांच्या नेटवर्कची नोंद कोणी ठेवली असती, तर एरवी दोन-तीन ठिकाणांशी बोलणारा कॅमेरा अचानक शेकडो अनोळखी पत्त्यांची दारे ठोठावतो आहे, हे पहिल्या तासातच दिसले असते.

त्यानंतर उपकरणांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर कूटबद्ध झाली. ही सुधारणाच आहे. आज हलमधील तो प्रयोग त्याच पद्धतीने करू गेल्यास फाइलीचे नाव बहुधा दिसणार नाही. पण जो पडदा चोरापासून माहिती झाकतो तोच घरच्यांपासूनही झाकतो, आणि झाकलेल्यातूनही बरेच डोकावते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६–१७ च्या सुमारास चार साधी उपकरणे घेऊन हे दाखवून दिले. त्यांत झोप मोजणारे एक यंत्र होते. त्याच्या कूटबद्ध वाहतुकीचा निव्वळ वेग कागदावर मांडला, तेव्हा माणूस अंथरुणाला कधी पडला, रात्री मध्येच कधी उठला आणि सकाळी कधी जागा झाला हे आलेखाच्या उंचवट्यांवरून वाचता आले. वेल्चमन यांनी फौजेच्या बाबतीत जे केले तेच इथे शयनगृहाच्या बाबतीत घडले.

प्रिन्स्टनच्या या अभ्यासानंतर घरगुती उपकरणांचे निरीक्षण ही स्वतंत्र अभ्यासशाखा बनली. बोस्टनचे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचे इम्पीरिअल कॉलेज यांनी घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळा उभारल्या आणि २०१९ मध्ये ८१ उपकरणांवर ३४ हजारांहून अधिक प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. ८१ पैकी ७२ उपकरणे निर्मात्याखेरीज दुसऱ्या कोणाशी तरी संपर्क साधत होती. हे दुसरे म्हणजे बहुधा क्लाउड भाड्याने देणाऱ्या कंपन्या. काही मात्र जाहिरात आणि पाळत यांच्या व्यवसायातील. त्याच वर्षी प्रिन्स्टनने आयओटी इन्स्पेक्टर हे सामान्य माणसाला आपल्या संगणकावर चालवता येईल असे साधन खुले केले आणि हजारो स्वयंसेवकांच्या घरांतून आकडेवारी गोळा केली. प्रयोगशाळेबाहेरच्या, खऱ्या घरांतल्या उपकरणांचे चित्र त्यातून दिसले. टीव्हीला जोडण्याच्या पेट्यांवरील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात रोकूच्या ६९ टक्के आणि अ‍ॅमेझॉन फायर टीव्हीच्या ८९ टक्के वाहिन्यांवर पाळत ठेवणारे पत्ते सापडले. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले की पडद्यावरचे चित्र ओळखणारी यंत्रणा टीव्ही केवळ एचडीएमआयचा पडदा म्हणून वापरला तरी काम करत राहते. म्हणजे लॅपटॉप जोडून घरचे फोटो पाहतानाही.

निरीक्षण नेहमी आरोपच सिद्ध करते असे नाही. स्मार्ट स्पीकर सतत घरातले बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवतात, ही समजूत घरोघरी आहे. २०२० मध्ये नॉर्थईस्टर्न आणि इम्पीरिअल यांनी स्पीकरांपुढे दूरचित्रवाणी-मालिकांचे संवाद तासन् तास वाजवून हे तपासले. सततच्या ध्वनिमुद्रणाचा पुरावा मिळाला नाही. मिळाले ते असे की हाक मारलेली नसताना, तिच्याशी जुळणारा शब्द ऐकून, स्पीकर दिवसातून अनेकदा चुकून जागे होतात आणि काही सेकंदांचा आवाज पाठवतात. भीतीपेक्षा हे ज्ञान उपयोगी आहे, कारण त्यावर उपाय करता येतो: स्पीकर टीव्हीपासून दूर ठेवता येतो. उलट, २०२२ च्या अखेरीस युफी कॅमेऱ्यांच्या बाबतीत एका सुरक्षा-संशोधकाने नेटवर्क तपासून दाखवले की ‘सारे काही घरातच राहते’ या जाहिरातीनंतरही दारात आलेल्या माणसांची छोटी चित्रे क्लाउडवर जात होती. कंपनीला नंतर आपल्या विधानांत दुरुस्ती करावी लागली.

या क्षेत्रातील कामाच्या पद्धती कोणत्या ठिकाणी उभे राहून पाहायचे यावरून वेगळ्या पडतात. नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. लॅपटॉपवर वायरशार्क उघडला म्हणजे घरभराची वाहतूक दिसेल, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात लॅपटॉपला स्वतःची वाहतूक आणि सर्वांना उद्देशून केलेल्या घोषणा एवढेच दिसते. टीव्हीचे बोलणे टीव्ही आणि राउटर यांच्यातच राहते. ते ऐकायचे तर त्या वाटेवर उभे राहावे लागते.

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे राउटर. २००४ पासून विकसित होत आलेल्या ओपनडब्ल्यूआरटीसारख्या खुल्या प्रणाली राउटरवर बसवल्या की तिथूनच पॅकेटे पकडता येतात. दुसरी रीत राउटरचे सोंग घेण्याची. निरीक्षण करणारा संगणक टीव्हीला ‘राउटर मीच’ आणि राउटरला ‘टीव्ही मीच’ असे सांगतो, आणि दोघांचे बोलणे आपल्यामार्फत वळवतो. आयओटी इन्स्पेक्टर याच युक्तीवर चालतो. पत्ते जुळवणारा जो नियम १९८२ मध्ये ठरला त्यात ‘मीच तो’ म्हणणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नाही, म्हणून ही युक्ती साधते. तिला काही विकत आणावे लागत नाही. पण जाळे मंदावते आणि काही उपकरणे गोंधळतात.

तिसरी पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तिचे कारण तिच्या सोपेपणात आहे. ती फक्त नावांची वही ठेवते. बहुतेक उपकरणे बोलण्याआधी सर्व्हरचा पत्ता विचारतात. ही विचारणा घरातल्याच एका छोट्या संगणकाकडे वळवली की कोणी केव्हा कोणाचे नाव काढले याची यादी आपोआप तयार होते. २०१५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला पाय-होल हा प्रोग्रॅम रास्पबेरी पायच्या तळहाताएवढ्या पाटीवर हे काम करतो आणि नको असलेल्या नावांचा खरा पत्ता न देऊन ती वाट बंदही करतो. या वहीत आकार दिसत नाहीत. टीव्हीने नाव विचारल्यावर दोन किलोबाइट पाठवले की दोनशे मेगाबाइट, हे तिला ठाऊक नसते. शिवाय काही उपकरणे घरच्या सेवेला न विचारता गूगलच्या ८.८.८.८ सारख्या कोरून ठेवलेल्या पत्त्यावर थेट विचारणा करतात. पाय-होल लावून निश्चिंत झालेल्या घरांचे चित्र म्हणूनच अनेकदा अर्धे असते. हिशेबाची चौथी पद्धत, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे किती बाइट गेले आणि किती आले याची बेरीज ठेवणे, ही उणीव भरून काढते. पिसा येथे लुका देरी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला एनटॉप आणि त्याचा वारस एनटॉपएनजी ही तिची घरात चालण्याजोगी साधने. या पुस्तकाच्या मते घरासाठी नावांची वही आणि बाइटांचा हिशेब ही जोडी पुरेशी आहे. पॅकेट उघडून पाहण्याची वेळ क्वचित येते.

मध्यस्थ बनून कूटबद्ध मजकूरच उघडण्याची एक पद्धत आहे. ती संशोधकांच्या हाती मोलाची ठरली आहे, कारण समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र न तपासणारी निष्काळजी उपकरणे तिने उघडी पाडली. घरासाठी ती इथे स्वीकारलेली नाही. अगदी वेगळ्या दिशेने जाणारा एक विचार मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. मार्च २०१९ मध्ये इंटरनेटच्या मानकांत एक पद्धत आली, तिचे संक्षिप्त नाव ‘मड’. तिच्यानुसार निर्मात्याने आपले उपकरण कोणाकोणाशी बोलेल याची यादी आधीच जाहीर करायची आणि राउटरने त्या यादीबाहेरचे बोलणे अडवायचे. कल्पना उत्तम आहे. बाजारातील घरगुती उपकरणांत ती अजून रुजलेली नाही.

पाहिल्यानंतर अडवायचे काय, हा पुढचा प्रश्न. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ उपकरणांचे एकेक पत्ते बंद करून ती चालतात का ते पाहिले गेले. १६ उपकरणांच्या बाबतीत किमान एक पत्ता असा निघाला की तो बंद केला तरी उपकरणाचे काम अडले नाही; एका उपकरणाचे असे तब्बल ११ पत्ते होते. म्हणजे जे जाते ते सगळे कामासाठीच जाते, हा दावा टिकत नाही. पण उरलेल्या १५ उपकरणांनी हेही दाखवले की आंधळेपणाने वाटा बंद करत सुटल्यास उपकरण मुके होते.

घराच्या आतले बोलणे हा अलीकडे पुढे आलेला भाग आहे. टीव्ही, स्पीकर आणि प्रिंटर एकमेकांना शोधण्यासाठी आपापली नावे, प्रकार आणि ओळख-क्रमांक घरभर पुकारत असतात. २०२३ मध्ये ९३ उपकरणांवर झालेल्या अभ्यासाने दाखवले की या घोषणा फोनवरील अ‍ॅपनाही ऐकू येतात आणि त्यांतून घराची ओळख पटवणारी खूण तयार करता येते. आयफोनने २०२० पासून अ‍ॅपना स्थानिक नेटवर्क पाहण्यासाठी परवानगी मागायला लावली आहे. ती परवानगी देताना बहुतेक जण वाचतही नाहीत.

भारतीय घरात या विद्येला काही खास अडचणी येतात, आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख क्वचित असतो. फायबर जोडणीबरोबर राउटर कंपनीच देते, त्यातील बरीच सेटिंग ग्राहकाला बदलता येत नाहीत आणि त्याचे सॉफ्टवेअर कंपनी दुरून सांभाळते. त्या पेटीमागे स्वतःचा दुसरा राउटर लावून सारी स्मार्ट उपकरणे त्याला जोडणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, वापर करण्यात भारत जगात आघाडीवर आहे. राउटरचे सोंग घेण्याची वर सांगितलेली युक्ती जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांपुरतीच चालते. नव्या पत्त्यांवरून जाणारे बोलणे तिला दिसतच नाही. उपकरण शांत आहे असे पाहणाऱ्याला वाटते, आणि ते दुसऱ्या दाराने बोलत असते. ब्लूटूथ, झिग्बी किंवा उपकरणात बसवलेले सिमकार्ड यांवरून जाणारे बोलणे तर वाय-फायच्या कोणत्याच नोंदीत येत नाही. शांतता दिसली म्हणजे शांतता आहे असे मानू नये, हा नियम इथे पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

कायद्याची बाजू गेल्या दशकात बदलली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. आपल्याविषयी कोणती माहिती हाताळली जाते हे विचारण्याचा हक्क त्याने नागरिकाला दिला आहे. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या किमान कसोट्या लागू झाल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच असणारा कारखान्यातील पासवर्ड बेकायदा ठरवला. युरोपीय संघाच्या सायबर लवचिकता कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ मध्ये लागू होतील. हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही हक्क बजावायचा तर आधी काय घडते आहे हे ठाऊक असावे लागते. तारीख, वेळ, पत्ता आणि बाइट यांची नोंद असलेल्या तक्रारीला मोघम संशयाहून वेगळे वजन येते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील एक तरतूद या पुस्तकाच्या वाचकाने नीट समजून घ्यावी. व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे नेटवर्कची नोंद ठेवणारा माणूस आपल्याच कुटुंबाबाबत कायद्याच्या कक्षेबाहेर असतो. नावांची वही उघडली की टीव्हीबरोबर मुलीच्या फोनची, पाहुण्यांची आणि घरकामाला येणाऱ्या ताईंच्या फोनचीही नोंद समोर येते. उपकरणांवर नजर ठेवण्यासाठी उचललेले साधन माणसांवर नजर ठेवू लागते, आणि घरात तांत्रिक ज्ञान ज्याला आहे त्याच्या हाती नकळत सत्ता येते. म्हणून इथे सुरुवातीलाच उपकरणांसाठी वेगळे वाय-फाय करून केवळ त्याचीच नोंद ठेवावी, असा आग्रह धरला आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कवर यांतील काहीही करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो.

हीच साधने दुबळ्या बाजूलाही बळ देऊ शकतात. परदेशी गेलेल्या मुलांनी आईवडिलांच्या घरी दिवाणखान्यात कॅमेरा लावणे हे मराठी मध्यमवर्गात आता ओळखीचे आहे. मायेपोटीच तो लावलेला असतो. कोणी पाहत नसताना असा कॅमेरा थोडीशीच वाहतूक करतो. दूरवरून कोणी चित्र उघडले की बाहेर जाणाऱ्या बाइटांचा आलेख एकदम चढतो आणि पाहणे थांबल्यावर उतरतो. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या आईलाही तो आलेख दाखवला, तर आपल्याकडे केव्हा पाहिले जाते हे तिला कळते. हालचाल टिपल्यावर होणाऱ्या ध्वनिचित्रमुद्रणानेही असाच चढ दिसतो. या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, यावर पुस्तकात बराच वेळ दिला आहे, कारण घाईने काढलेला निष्कर्ष घरातील विश्वास बिघडवतो.

त्याच कारणाने पुस्तकाची सारी पद्धत एका वहीभोवती बांधली आहे. उपकरणाला आधी एक आठवडा आपल्या सवयीने बोलू द्यायचे आणि नुसते पाहायचे. मग ठरवून एकेक कृती करायची, तिची वेळ वहीत लिहायची आणि नेटवर्कच्या नोंदीशी ताडून पाहायची. गीझर ६:१५ ला चालू केला, ६:१५ ला उसळी आली. असे दहा वेळा जुळले की त्या उसळीचा अर्थ लागला. अनोळखी पत्ता दिसला की तो कोणाचा आहे हे शोधल्याशिवाय त्याला वाईट म्हणायचे नाही. क्लाउड कंपनीचा पत्ता म्हणजे भाड्याचे गोदाम. आत कोणाचा माल आहे हे पाटीवरून कळत नाही. मध्यरात्री पाठवलेला मोठा ऐवज हा चोरीचा पुरावा नसतो, तो सॉफ्टवेअर सुधारणेनंतरचा अहवालही असू शकतो.

पुस्तकात कूटलेखन फोडणे, उपकरण उघडून त्यातील चिप वाचणे किंवा घरावर बाहेरून होणारे हल्ले परतवणे हे विषय घेतलेले नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र ग्रंथ लागेल. संगणक हाताळता येतो, पण नेटवर्कचे शिक्षण झालेले नाही, असा वाचक समोर धरला आहे. एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, स्वतःच्या ताब्यातील एक राउटर आणि महिनाभर रोज अर्धा तास एवढे त्याच्यापाशी असावे. मराठीत या विषयावर लिहिताना पॅकेट, राउटर, सर्व्हर हे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत, कारण अवजारांच्या पडद्यावर वाचकाला तेच भेटणार आहेत.

पहिले प्रकरण वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. राउटरचे पान उघडून सध्या जोडलेल्या उपकरणांची यादी कागदावर उतरवून घ्यावी, घरभर फिरून प्रत्येक नावासमोर ते उपकरण कुठे ठेवले आहे ते लिहावे आणि जे नाव कोणत्याच वस्तूशी जुळत नाही त्यासमोर प्रश्नचिन्ह करावे. तो कागद जपून ठेवावा. पुढील सारे काम त्याच्यापासून सुरू होते.